१९०० च्या दुष्काळातली ख्रिस्ती प्रेमकथा, खान्देशात घडणारी : साठाव्या पानावर अडलेय

लोकोशेडची_नात (भुसावळ)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तर मला त्या इंग्रजी ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांचं व्यसन आहे, लपवून काय उपयोग. मुलाची दहावी होती तेव्हा त्याला जागायला सोबत म्हणून फोनवर एक वाचायला घेतली, त्याची दहावी झाली, बारावी झाली, आता तो पुण्याला गेला तरी माझं वाचन चालूच. सगळ्यांचा साचा एकच असतो हो. बाई नुकती विधवा झालेली, अमेरिकेत छपराच्या गाडीतून पश्चिमेकडे निघालेली, तिथे एक अबोल शेतकरी, त्याला लेकरू सांभाळायला कोणीतरी हवं म्हणून सोयीचं लग्न, मग बर्फ पडतो, मग कोणाला तरी ताप चढतो, मग रात्रभर प्रार्थना, आणि थेट शेवटच्या पानावर एक चुंबन. लग्नाच्या रात्री तर लेखिका खोलीचं दार आपल्याच तोंडावर लावून घेते. मिस्टर हसतात, म्हणतात हे काय शाकाहारी रोमान्स वाचतेस. पण मला आवडतं. त्यात देव कसा घरातला असतो, चुलीपाशी बसलेला, बाई त्याच्याशी भांडतेसुद्धा.

आम्ही भुसावळचे, रेल्वेवाले, चौथ्या पिढीपासून ख्रिस्ती. मराठीत असलं काही मला तरी सापडलं नाही म्हणून म्हटलं आपणच लिहून बघू. साल १९००, छप्पन्याचा दुष्काळ, हिरॉईन धरणगावच्या बाजूची, बालविधवा, दुष्काळात घरची माणसं गेली, मिशनच्या आसऱ्याला आली. हिरो अनाथ वाढलेला, लोहारकाम शिकलेला. साठ पानं झाली आणि तिथे गाडी रुतली. कारण साठाव्या पानावर ती विश्वास धरते, बाप्तिस्मा घेते, आणि तो सीन चार वेळा लिहिला तरी चारही वेळा रविवारचं प्रवचनच झालं. मिस्टरांनी वाचून फक्त "आमेन" म्हटलं आणि चहा मागितला, म्हणजे समजून घ्या.

त्या काळी ही दोघं भेटणार कुठे, बोलणार कशी, आपल्या मर्जीनं लग्न ठरायचं का मिसबाई, म्हणजे मिशनची गोरी बाई, ठरवायची, हे पण नक्की माहीत नाही. आणि असं मराठीत आधी कोणी लिहिलंय का? कोणाला माहिती असेल तर सांगा प्लीज.

रद्दीतलं_सोनं (जळगाव)

ताई, मराठीत नाही कसं, मराठी कादंबरीची सुरुवातच तिथून झालीय. बाबा पदमनजींची यमुनापर्यटन, साल १८५७, पहिली मराठी कादंबरी म्हणून हिचंच नाव घेतात. पदमनजी स्वतः १८५४ ला ख्रिस्ती झालेले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे कायद्याची शाई वाळायच्या आत कादंबरी आली बघा. यमुना आणि विनायक हे नवराबायको प्रवासाला निघतात, वाटेत ठिकठिकाणी विधवांचे हाल बघतात, मग विनायक मरतो, यमुनेवर स्वतःवरच ती पाळी येते, आणि शेवटी ती ख्रिस्ती होऊन एका ख्रिस्ती गृहस्थाशी लग्न करते. आता सांगा, विधवा, प्रवास, विश्वास, दुसरं लग्न, तुमच्या त्या छपराच्या गाडीवाल्या गोष्टीत याहून वेगळं काय असतं?

फक्त आधीच सांगून ठेवतो, गोष्ट म्हणून वाचायला बसाल तर जांभया येतील. पात्रं बोलता बोलता मध्येच उपदेश सुरू करतात. त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या साठाव्या पानाचा आजार १८५७ पासूनचा आहे.

औषध हवं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, स्मृतिचित्रे, काढा परत. शाळेत धडा होता तेवढ्यावर जाऊ नका, पूर्ण वाचा. मला विचाराल तर मराठीतली सगळ्यात मोठी ख्रिस्ती प्रेमकथा तीच आहे आणि ती खरी आहे. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, रेल्वेत बसलेले असताना एका गोऱ्या माणसाची गाठ पडते, तो नवा करार हातात देतो, आणि १८९५ ला टिळक मुंबईत बाप्तिस्मा घेऊन मोकळे. लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळलं. मग ती काही वर्षं वेगळी राहिली, पत्रं, रुसवे, निरोप, नातेवाईकांची मध्यस्थी, आणि एवढं होऊनही दोघांचं एकमेकांवाचून भागत नाही. १९०० ला बाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. तुमचं साल पण १९०० च ना?

आता बाईंनी तो बदल कसा सांगितलाय ते बघा. आधी सोवळ्याओवळ्याचा काच, कोणाच्या हातचं पाणी चालतं कोणाचं नाही हे सगळं इतकं बारीक सांगतात की आपल्यालाच तहान लागावी. मग एक दिवस त्यांच्या मनात येतं की या जाती देवानं केल्या नाहीत, माणसानं केल्या, आणि त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या हातचं खायला लागतात. बाप्तिस्मा त्यानंतर कधीतरी. म्हणजे आधी पाणी बदललं आणि मग धर्म. प्रवचन कुठेच नाही, उलट स्वतःचीच टिंगल.

आणि आपल्या खान्देशचा एक धागा त्यात आहेच. धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, नगरला टिळकांच्या घरी राहिलेले, लक्ष्मीबाईंनी त्यांना लेकरासारखं सांभाळलं. १९०७ ला आपल्या जळगावात कविसंमेलन भरलं त्यात त्या पोराला बालकवी ही पदवी मिळाली. आणि १९१८ ला इथेच भादली स्टेशनला रेल्वेखाली गेले, वय २७. भादलीवरून पॅसेंजर जाते तेव्हा मी अजून पण खिडकीतून बघतो, काही दिसत नाही अर्थात.

तापीचा_पूल (अमळनेर)

वरच्यांनी साहित्य सांगितलं, मी थोडा हिशेब तपासतो, मला दुसरं काही येत नाही, निवृत्त माणूस आहे.

१) तुमच्या कादंबरीत कुठेही "जळगाव जिल्हा" असं लिहिलं असेल तर आधी खोडा. १९०० साली अख्खा खान्देश एकच जिल्हा होता, कचेरी धुळ्याला. पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश अशी वाटणी १९०६ ला झाली. हिरोला कोर्टाचं काम पडलं तर तो धुळ्याला जाईल, दमणीत, म्हणजे बैलगाडीत बसून.

२) हिरॉईनच्या हातात पंडिता रमाबाईंचं बायबल देऊ नका, हे मी एका एकांकिकेत बघितलंय म्हणून सांगतो. रमाबाईंचं भाषांतर पूर्ण छापून आलं १९२४ ला, त्या गेल्यावर दोन वर्षांनी. १९०० ला रमाबाई केडगावला दुष्काळातल्या मुलींना आणून सांभाळत होत्या, तो संदर्भ मात्र तुम्हाला बिनधास्त घेता येईल.

आकडे टाकून लिहायला लागलो की माझी बायको म्हणते पुन्हा ऑफिस सुरू झालं, म्हणून पुढचं असंच सांगतो.

तुम्ही म्हणता त्या अमेरिकन कादंबऱ्यांत तो शेतकरी एकटा का असतो माहितीये का? १८६२ ला त्यांच्या सरकारनं कायदा केला, १६० एकर जमीन घ्या, पाच वर्षं तिथे राहून कसा, मग ती तुमची. मग एकटी एकटी माणसं माळावर जाऊन बसली आणि बायका मिळेनात, म्हणून पत्रानं जमवलेली लग्नं आणि सोयीची लग्नं. आणि त्याच वेळेला, १८६१ ते ६५, त्यांच्याकडे यादवी चालू होती, तिकडचा कापूस विलायतेला जाणं बंद, म्हणून आपल्या खान्देशच्या कपाशीला सोन्याचा भाव आला. लढाई संपली आणि भाव धाडकन खाली, मुंबईचे मोठेमोठे शेठ बसले, इथले कर्जात गेले. म्हणजे तुमच्या त्या अबोल हिरोनं तिकडे बंदूक खाली ठेवली आणि इकडे आपल्या कोणाच्या तरी खापरपणजोबांचं शेत सावकाराकडे गेलं. तुमच्या हिरॉईनच्या आजाच्या तोंडी ही गोष्ट घाला, तो दुष्काळात शेवटचे दिवस मोजत पडलाय आणि जुन्या भावाच्या गप्पा मारतोय. फुकट देतोय आयडिया.

आता लग्नाचं. चर्चमधलं लग्न १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानं. आणि अजून एक कायदा आहे जो कोणाच्या लक्षातच येत नाही, १८६६ चा. नवराबायकोतला एक जण ख्रिस्ती झाला आणि दुसऱ्यानं त्या कारणावरून सलग सहा महिने नांदायला नकार दिला तर कोर्टात जाता यायचं. पण कोर्ट लगेच लग्न मोडत नसे. दुसऱ्याला बोलावून विचारायचं, का नांदत नाहीस, आपल्या मनानं नाही म्हणतेस की कोणाच्या धाकानं, दोघांची भेट घडवून आणायची, आणि तरी नाहीच म्हटलं तर प्रकरण एक वर्ष तहकूब. वर्षानं परत तोच प्रश्न. मी नोकरीत असताना जुन्या कायद्यांच्या पुस्तकात हे वाचलं आणि तेव्हाच वाटलं होतं की हा कायदा कोणीतरी प्रेमात पडलेल्या माणसानं लिहिला असणार. ताई, तुमचा हिरो अनाथ नको, लग्न झालेला असू द्या. बायको माहेरी. धुळ्याच्या कोर्टात पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती नाही म्हणते. मग एक वर्ष. ते वर्ष म्हणजेच तुमची कादंबरी.

बारीकसारीक तपशिलासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड बघा, खान्देशचा, १८८० चा. पिकं, बाजार, रस्ते, कोण काय खातो, काय नेसतो, सगळं आहे.

नवापूरचा_पाळकपुत्र

सलाम ताई. मी बोलू की नको असं करत होतो पण दुष्काळाचं आलं म्हणून बोलतो.

तुम्ही दुष्काळ घेतलाय म्हटल्यावर एक वाक्य तुमच्या कादंबरीत यायलाच पाहिजे, "पोटासाठी बाटले". ते टाळून गेलात तर वाचणारा तिथेच पुस्तक मिटेल. आम्ही शाळेत असताना ऐकलंय, माझ्या वडलांनी ऐकलंय, त्यांच्या वडलांनी तर ऐकलंच असेल. आणि खरं सांगू का, काही जणांच्या बाबतीत ते खोटंही नसेल. भूक लागलेल्या माणसाला आधी भाकरी दिसते, देणारा नंतर दिसतो. तुमच्या हिरॉईनलाच हा प्रश्न पडू द्या ना, रात्री झोपताना, की मी कशासाठी आले, भाकरीसाठी की येशूसाठी, आणि तिला पण नक्की सांगता येऊ नये. प्रवचन आपोआप बंद होईल, कारण ज्याला उत्तर येत नाही तो प्रवचन करत नाही (हे पाळकाच्या घरात वाढलेला माणूस सांगतोय, वडलांना कळवू नका).

दुसरं, तुमच्याकडे सगळ्यात जुनी ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकथा आहेच की, पवित्र शास्त्रातच, रूथ. सुरुवातच बघा, देशात दुष्काळ पडला. मग विधवा, मग परका मुलूख, मग शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर मागे राहिलेली कणसं, वेचणं, मग शेताचा मालक बवाज, जो मजुरांना मुद्दाम सांगतो की पेंढ्यांतली थोडी कणसं हिच्यासाठी खाली पडू द्या. अख्ख्या जगातल्या रोमान्स लेखकांनी याच्याहून भारी काही लिहिलं असेल तर दाखवा. हातात हात नाही, गोड बोलणं नाही, नुसतं जवाचं कणीस मुद्दाम सांडलंय. आपल्याकडे लग्नात हमखास वाचतात ते "तुम्ही जाल तेथे मी येईन", ते तर ती सासूला म्हणते, नवऱ्याला नाहीच, पण लग्नाच्या गडबडीत कोण बघतंय.

सरवा हा शब्द आपल्या शेतातला आहे ताई, बायबलातला नाही. तो वापरा. तुमच्याकडे कपाशी, तर वेचणी झाल्यावर झाडाला राहिलेली कवडी बोंडं. त्या बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला कशी लागतात ते वेचलेल्यालाच माहीत. दुष्काळात तेवढंही नसेल म्हणा.

आणि एक विनंती. खान्देशचे ख्रिस्ती म्हणजे सगळे एकसारखे असं दाखवू नका. तुमचे भुसावळचे रेल्वेतले वेगळे, गावातून आलेले मराठी घरातले वेगळे, आमच्या नवापूर-चिंचपाडा बाजूचे भिल्ल, मावची, गावित वेगळे. आमच्याकडे नाताळला ढोल वाजतो आणि रात्रभर नाच असतो, तुमच्याकडे केक असतो, एवढा फरक तर आजपण आहे.

खापरवरनी_पोळी (धुळे)

आते मी काय म्हंतस ताई, धरनगावनी पोर शे ना ती, मंग ती "मला तुझ्याबद्दल आदर वाटतो" आशी कशी काय बोली? ती म्हनी, "मी नही जावाव." बस. बाकी मराठी तुम्ही लिखा पन तोंडमा अहिराणी टाका, दोन-दोन शब्द का व्हयेनात.

(बाकीच्यांसाठी : मी जाणार नाही, असं म्हणेल ती. हिरोला एवढं पुरे.)

स्पष्ट_बोलतो (चोपडा)

धर्मांतराच्या गोष्टींना प्रेमकथेचं वेष्टण कशाला? ज्याला धर्म बदलायचा त्यानं बदलावा, गोष्टी कशाला सांगायच्या त्याच्या. माझं मत. राग नसावा.

लोकोशेडची_नात (भुसावळ)

@स्पष्ट_बोलतो, राग नाही. पण काका, माझी पणजी ही माझ्यासाठी धर्मांतराची गोष्ट नाही ना, ती माझी पणजी आहे. तिची गोष्ट सांगायची नाही तर कोणाची सांगू?

बाकी सगळ्यांना काय म्हणू, दोन दिवस फोन खाली ठेवला नाही. पुलावरचे काका, ते कोर्टाचं वर्ष वाचून मी रात्री तीनला उठून बसले. जिल्ह्याची चूक तीन ठिकाणी होती, खोडली. पाळकपुत्र, "पोटासाठी" वालं वाक्य मी मुद्दामच टाळलं होतं, पकडलंत. घरात त्याचा विषयच निघत नसे.

तुमचं सगळं वाचताना एक आठवलं ते सांगते, कादंबरीत नाहीये ते, आजीनं सांगितलेलं. आजीचा जन्म १९१२ चा. तिची आई म्हणजे माझी पणजी, तीच दुष्काळात आलेली. तिचा एक भाऊ वाचला होता, गावीच राहिला, तो बाटला नाही. सगळ्यांनी तिचं नाव टाकलं पण हा भाऊ दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यायचा. आखाजीला आपल्याकडे लेकी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, हिला तर माहेर बंद, म्हणून माहेरच इथे यायचं. धरणगावहून जळगाव, तिथून भुसावळ, रेल्वेनं. हातात धोतराच्या फडक्यात बांधलेल्या खापरावरच्या पुरणपोळ्या, आणि खांद्याला फिरकीचा तांब्या, घरचं पाणी भरलेला. क्वार्टरच्या समोर कडुनिंब होता, त्याच्याखाली बसायचा. घरात यायचा नाही. पणजी ओट्यावर बसायची, मध्ये रस्ता. तिथून बोलायचे, पाऊस कसा, गाय व्याली का, अमकी गेली. पोळ्यांचं फडकं तो ओट्याच्या कडेला ठेवायचा आणि मागे सरकायचा, मग ती उचलायची. पाणी स्वतःच्या तांब्यातलं प्यायचा.

भुसावळचं ऊन माहितीच आहे तुम्हाला, आखाजीच्या सुमाराला तर रस्त्यावर पापड भाजावा. आजी सहा-सात वर्षांची असेल, त्या वर्षी गाडीत गर्दीत त्याच्या तांब्याची फिरकी सैल झाली आणि सगळं पाणी सांडलं, धोतर ओलं, तांब्या रिकामा. तो नेहमीसारखाच निंबाखाली बसला. बोलला पाऊस कसा, बोलला गाय व्याली का. मग बोलेना. आजी म्हणायची त्याचे ओठ पांढरे पडले होते. आणि मग म्हणाला, "बहीन, पानी दे वं."

पणजी आत गेली, कळशीतून लोटा भरला, बाहेर आली, रस्ता ओलांडला. त्यानं ओंजळ पुढे केली. ती वरून ओतत होती आणि तिचा हात एवढा थरथरत होता की अर्धं पाणी त्याच्या कोपरावरून खाली मातीत. पिऊन झाल्यावर म्हणाला, "गोड शे."

एवढंच. आजी हे सांगताना दरवेळी "गोड शे" म्हणून थांबायची आणि मग उठून कामाला लागायची.

रद्दीतलं_सोनं (जळगाव)

ताई ते साठावं पान फाडून टाका आणि हे तिथे चिकटवा. मी खरंच सांगतोय.

तापीचा_पूल (अमळनेर)

सहमत. कोर्टाची आयडिया मी परत घेतो, पुढच्या कादंबरीला वापरा.

एकच शंका, तपशिलाची सवय म्हणून विचारतो. हा भाऊ यायचा तेव्हा तुमचे पणजोबा कुठे असायचे? आखाजीला मेहुणा दारात आणि घरधनी दिसतच नाही, हे वाचणाऱ्याला खटकेल.

लोकोशेडची_नात (भुसावळ)

काका, हे मी सांगणारच नव्हते कारण मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं कधी.

पणजोबा लोको शेडला फिटर होते. मिशनमध्ये वाढलेले, आईबापाचा पत्ता नाही, ना माहेर ना सासर. लग्न मिसबाईनं जमवलं पण आधी दोघांना एकेकटं बोलावून विचारलं होतं म्हणे, पसंत आहे का. पणजीनं काय सांगितलं ते माहीत नाही, पणजोबांनी "तिला विचारा" एवढंच सांगितलं. मग तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारली आणि लग्न झालं. फार बोलायचे नाहीत. आजीला त्यांचा आवाज आठवायचा तो फक्त जेवणाआधीच्या प्रार्थनेचा.

आणि आखाजीला ते कधीच घरी नसायचे. दरवर्षी त्या दिवसाची ड्युटी दुसऱ्याकडून बदलून घ्यायचे, रात्रपाळी असली तर दिवसाची मागून घ्यायचे. आजी लहानपणी रुसायची, सणाला बाप घरात नाही म्हणून. मोठी झाल्यावर तिनं पणजीला विचारलं, तर पणजी म्हणाली, ते समोर असले की माझा भाऊ निंबाखाली बसत नाही, स्टेशनवरूनच परत जातो. पहिल्या वर्षी तसंच झालं. पोळ्या हमालाच्या हाती पाठवल्या आणि गेला. पणजोबांनी ते बघितलं, बोलले काहीच नाहीत, आणि दुसऱ्या वर्षापासून आखाजीला ड्युटी.

नवापूरचा_पाळकपुत्र

मुद्दाम सांडलेली कणसं.

ताई, तुमचा हिरो सापडला, लोहारकाम येतंच त्याला.

खापरवरनी_पोळी (धुळे)

मना डोयामा पानी ऊनं. आते ऑफिसमा काय सांगू.

स्पष्ट_बोलतो (चोपडा)

मी वर लिहिलेलं मागे घेत नाही, मत ते मत. पण ही गोष्ट पूर्ण लिहा. आमच्या आत्याबाईंच्या वेळेला आमच्याकडे पण एक असाच तांब्या होता घरात, कोणाचा ते कोणी सांगायचं नाही. विचारायला आता कोणी उरलं नाही.

लोकोशेडची_नात (भुसावळ)

काका, तो तांब्या अजून असेल तर फोटो टाका ना, फिरकीला आटे कसे असतात ते मला नीट लिहिता येत नाहीये. आमच्याकडे काही राहिलं नाही, निंब पण क्वार्टर पाडली तेव्हा गेला.

आणि पुलावरच्या काकांना अजून एक काम. १९१८-१९ च्या सुमाराला शेडच्या पाळ्या किती वाजता बदलायच्या? भोंगा व्हायचा एवढं आजी सांगायची. मला तो सीन भोंग्यापासून सुरू करायचाय, तो डबा घेऊन निघतो तेव्हा, म्हणजे भाऊ गाडीतून उतरायच्या आत तो रस्त्यावरून गेलेला पाहिजे. कोणाच्या घरी आजोबांचे जुने रेल्वेचे कागद असतील तर बघा. शनिवारी पहिली दहा पानं टाकते.